पटाची जोडी आणि उन्हाचे माप

भाऊबीज झाली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात, आणि धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या की शंकरपटाचे. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचे नाटक आणि घरात पाहुण्यांची वर्दळ, असा आपल्याकडचा हिवाळा. पूर्वी पटाला तालुक्याच्या गावाहून एखादा फोटोग्राफर यायचा. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि गावातल्या दोन-चार मुलांकडे चांगला कॅमेराही आहे. जोडी सुटली की धुऱ्यावरचे शंभर हात एकदम वर होतात.

संध्याकाळी घरी येऊन ते फोटो पाहायला बसा. पहिल्या फोटोत पांढरा बैल चुन्यासारखा नुसता पांढरा दिसतो, डोळा कुठे आणि वशिंड कुठे कळत नाही. दुसऱ्यात तोच बैल राखेसारखा मळकट. तिसऱ्यात धुरकऱ्याचे तोंड तव्यासारखे काळे. बैल तोच, ऊन तेच, कॅमेरा तोच आणि फोटो काढणारा हातही तोच. मग एका जोडीचे दहा फोटो दहा रंगांचे का निघतात? याचे उत्तर अवघड नाही आणि त्यासाठी नवा कॅमेराही लागत नाही. उन्हाचे माप कसे घ्यायचे एवढे कळले की काम झाले. आज त्याबद्दलच चार गोष्टी सांगतो.

कोणी म्हणेल, कृषी विस्ताराचा माणूस फोटोच्या भानगडीत कशाला पडला? पण प्रात्यक्षिकाचे प्लॉट, शिवारफेरी, कीड पडलेले पान, या सगळ्यांचे फोटो काढणे हे आमच्या नोकरीतले नेहमीचे काम. उभ्या धानाचा फोटो बिघडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काढता येतो. धावत्या जोडीचा फोटो पुन्हा काढता येत नाही.

हा फोटो का महत्त्वाचा

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. पुढे राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, त्यावर वाद चालला, आणि अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने महाराष्ट्रात अटींसह शर्यतींना परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. मधली सात वर्षे म्हणजे बैलाच्या आयुष्यात केवढा काळ, हे तुम्हाला सांगायला नको. बंदीच्या वेळी ऐन भरात असलेली जोडी पुन्हा पट भरला तेव्हा म्हातारी झाली होती. तिचा धावतानाचा फोटो ज्या घरी आहे त्या घरी आहे. ज्या घरी नाही त्या घरी आता तो होणे नाही.

शिवाय नांगरणी-चिखलणी ट्रॅक्टरवर गेली, तसे दावणीचे बैल वर्षागणिक कमी होत आहेत. हौसेने जोडी पाळणारी घरे थोडी राहिली. उद्या नातवाला विचारावेसे वाटेल की आपल्या दारची जोडी कशी होती, तेव्हा भिंतीवर जे असेल तेच उत्तर. त्या उत्तरात बैलाचा रंग, शिंगांची ठेवण, पाठीची चमक खरी दिसली पाहिजे.

कॅमेरा कुठे फसतो

पर्जन्यमापक तुम्ही पाहिला आहे. पाऊस किती पडला हे आपण त्या भांड्यात मोजतो. जमीन किती ओली दिसते यावरून पाऊस मोजत नाही. कारण तेवढाच पाऊस मोरांडीत पडला तर ओल धरून राहील आणि बरडीवर पडला तर तासाभरात जमीन कोरडी दिसेल. पाऊस एकच, जमिनीचे दिसणे वेगळे.

उजेडाचेही तसेच. दुपारी सूर्याचे ऊन पांढऱ्या बैलावर, काळ्या बैलावर, धुरकऱ्याच्या अंगावर आणि मागच्या आंब्यांच्या झाडांवर सारखेच पडते. पांढरी वस्तू त्यातले बरेचसे परत फेकते, काळी वस्तू बरेचसे गिळते. कॅमेऱ्यातले मापक मात्र पडणारे ऊन मोजत नाही. समोरच्या वस्तूंकडून परत येणारा उजेड ते मोजते. म्हणजे जमिनीची ओल पाहून पाऊस सांगण्यातलाच प्रकार. आणि कॅमेऱ्याची समजूत अशी करून दिलेली असते की समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम करड्या रंगाचे आहे. समोर खूप पांढरे आले की तो उजेड कमी करतो आणि पांढऱ्याला करडे करू पाहतो. समोर खूप काळे आले की उजेड वाढवतो आणि काळ्यालाही करडे करू पाहतो.

आता हाच कॅमेरा पटावर न्या. जोडी सुटते तिथे मागे आंब्या-मोहांची गर्द रांग आहे. कॅमेरा म्हणतो, अंधार फार, उजेड वाढवा. त्या नादात पांढरा बैल चुन्यासारखा होतो. जोडी मधल्या मोकळ्या बांधीत येते, मागे उघडे आभाळ आणि पिवळी धसकटे. कॅमेरा म्हणतो, उजेड फार, कमी करा. बैल मळकट होतो, धुरकरी काळा पडतो. शेवटाकडे रंगीत मांडव, पांढरे सदरे आणि उडालेली धूळ. तिथे तिसराच हिशेब. दहा-बारा सेकंदांच्या पल्ल्यात कॅमेऱ्याने तीनदा मत बदलले. ऊन मात्र एकदाही बदलले नव्हते.

धान खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात तेव्हा पोत्यातला दाणा मापकात घालतात. पोते ज्या जमिनीवर ठेवले तिची ओल कोणी मोजत नाही. फोटोतही माप जोडीवरच्या उन्हाचे घ्यायचे, मागच्या देखाव्याचे नाही. आणि एकदा घेतले की ऊन बदलेपर्यंत ते बदलू द्यायचे नाही. या लेखाचे सार इतकेच आहे. पुढचे सगळे त्याच्या अंमलबजावणीचे.

तीन कळा

कॅमेऱ्यात किती उजेड शिरू द्यायचा हे तीन गोष्टींवर ठरते. इटियाडोहच्या कालव्याचे पाणी बांधीत घेताना आपण हेच करतो. दार किती उघडायचे, किती वेळ उघडे ठेवायचे आणि जमिनीची तहान किती, हे पाहतो.

दार म्हणजे भिंगामागचे छिद्र, ज्याला अॅपर्चर म्हणतात. त्याचे आकडे ४, ५.६, ८, ११, १६ असे असतात. आकडा मोठा तितके छिद्र लहान, एवढे उलटे गणित ध्यानात ठेवा. दार उघडे ठेवण्याची वेळ म्हणजे शटर. १/१००० म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. जमिनीची तहान म्हणजे आयएसओ. १०० असेल तर भरपूर उजेड लागतो, २०० ला त्याच्या निम्मा पुरतो, ४०० ला आणखी निम्मा. आयएसओ फार वाढवला तर फोटोत रवाळ ठिपके येतात.

या तिन्हींतली प्रत्येक पायरी दुप्पट किंवा निम्म्याची असते. छिद्र ८ वरून ५.६ वर आणले की उजेड दुप्पट झाला. शटर १/५०० वरून १/१००० केले की निम्मा झाला. एकीकडे वाढवले तेवढे दुसरीकडे कमी केले की हिशेब जिथल्या तिथे.

धावत्या जोडीसाठी सगळ्यात आधी शटर ठरवा. हिशेबासाठी जोडीचा वेग ताशी ४० किलोमीटर धरू. म्हणजे एका सेकंदात सुमारे ११ मीटर. शटर १/६० असेल तर तेवढ्यात जोडी १८ सेंटिमीटर पुढे जाते, म्हणजे जवळजवळ वीतभर. फोटोत शेवाळ फासल्यासारखे दिसणारच. १/१००० ला ती जेमतेम एक सेंटिमीटर सरकते. पाय अंगापेक्षाही वेगाने पुढे येतात, म्हणून १/१००० च्या खाली जाऊ नका. १/१६०० किंवा १/२००० मिळाले तर उत्तमच.

माप घ्यायची रीत

आता प्रत्यक्ष कृती. पट सुरू होण्याच्या अर्धा तास आधी जागेवर जा. सूर्य आपल्या पाठीमागे किंवा खांद्यावरून येईल अशी बाजू निवडा. दुपारनंतर सूर्य नैर्ऋत्येकडे झुकतो, तेव्हा पटाच्या त्या अंगाला उभे राहिलात की जोडीच्या तुमच्याकडच्या कुशीवर पूर्ण ऊन असेल.

कॅमेऱ्याची चकती ‘एम’ या खुणेवर, म्हणजे हाताने चालवण्यावर ठेवा. आयएसओ आपोआप बदलण्याची सोय बंद करा. बरेच जण ‘एम’ वर जातात पण आयएसओ कॅमेऱ्याच्याच हाती ठेवतात. मग एका दाराला कुलूप आणि दुसरे सताड उघडे, अशी गत होते.

निरभ्र आकाश आणि दुपारचे ऊन असेल तर एक जुना नियम उपयोगी पडतो. छिद्र १६ असताना शटर आयएसओच्या आकड्याइतके ठेवायचे. आयएसओ २०० तर शटर १/२००. तिथून पायऱ्या मोजत आलात की छिद्र ११ ला १/४००, ८ ला १/८०० आणि ५.६ ला १/१६००. लांबचे दाखवणाऱ्या साध्या भिंगाला बहुधा ५.६ पर्यंतच छिद्र उघडते, तेव्हा आयएसओ २००, छिद्र ५.६ आणि शटर १/१६०० येथून सुरुवात करा.

मग पटाला आलेला एखादा पांढरा बैल उन्हात उभा दिसेल. मालकाला विचारून त्याचा एक फोटो घ्या आणि पडद्यावर मोठा करून त्याची पाठ पाहा. पाठीवरचे केस, कातडीच्या वळ्या, वशिंडाची गोलाई दिसते का? तिथे नुसता कोरा पांढरा पट्टा असेल तर शटर १/२००० करा. पुन्हा घ्या, पुन्हा पाहा. तरीही कोरे वाटले तर १/२५००. केस दिसू लागले की थांबा. कित्येक कॅमेऱ्यांत जळून गेलेला पांढरा भाग पडद्यावर लुकलुकतो, ती सोय चालू केली तर काम आणखी सोपे.

पांढऱ्या बैलावरून माप का घ्यायचे, तेही सांगतो. कॅमेऱ्यात पांढरे एकदा पूर्ण जळाले की तिथे काहीच उरत नाही आणि ते नंतर परत आणता येत नाही. काळे थोडे अधिक काळे आले तर घरी संगणकावर किंवा मोबाईलवर उजळता येते. म्हणून एक बैल गवळाऊसारखा पांढरा आणि दुसरा काळा अशी जोडी असली तरी माप पांढऱ्याचेच.

आता हे तीन आकडे कागदावर लिहा आणि त्यांना हात लावू नका. जोडी आंब्यापुढून जावो की आभाळापुढून, पहिली जोडी असो की पंधरावी, ऊन तेच आहे तोवर आकडे तेच. कॅमेऱ्यातला काटा ‘उजेड कमी’, ‘उजेड जास्त’ म्हणून खुणावत राहील. त्याकडे लक्ष देऊ नका, तो आंब्याच्या सावलीबद्दल बोलतो आहे. आता तुमचे डोळे आणि मन दोन्ही जोडीवर राहतील, आणि संध्याकाळी दहा फोटो दहाही एका रंगाचे निघतील.

ऊन उतरते तेव्हा

माप एकदाच घ्यायचे म्हणजे दिवसभर तेच ठेवायचे असे मात्र नाही. जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. चारनंतर उन्हाची धार कमी होऊ लागते आणि नेमक्या चुरशीच्या जोड्या त्याच वेळी सुटतात. तेव्हा चारनंतर दर पंधरा-वीस मिनिटांनी पांढऱ्या पाठीचा एक फोटो घेऊन पाहायचा. मळकट वाटली की शटर एक पायरी खाली, १/२००० वरून १/१००० वर. त्याखाली शटर न्यायचे नाही. पुढे लागेल तसा आयएसओ वाढवायचा, २०० चा ४००, मग ८००. थोडे ठिपके आले तरी चालतील, हललेला बैल चालणार नाही.

ढगांसाठी आपल्या सावलीकडे पाहा. सावलीच्या कडा स्पष्ट असतील तर वर सांगितलेले आकडे. कडा पुसट झाल्या तर एक पायरी उजेड वाढवा. सावली जेमतेम दिसत असेल तर दोन पायऱ्या, आणि मुळीच दिसत नसेल तर तीन. विरळ ढग येत-जात असतील तर दोनच माप ठरवून ठेवा, एक उन्हाचे आणि एक ढगाचे. दोन्हींत छिद्र आणि शटर सारखे ठेवून फक्त आयएसओ बदला, उदाहरणार्थ उन्हाला २०० आणि ढगाला ८००. ढगाची सावली शिवारावरून सरकत येताना तुम्हाला दुरूनच दिसते. ती नजर तुमच्याकडे आहेच, ती फक्त फोटोसाठी वापरायची.

सूर्यासमोर उभे राहण्याची वेळ आली तर जोडीची सावलीतली बाजू तुमच्याकडे येते. तिथे एक-दोन पायऱ्या वाढवाव्या लागतात. उडालेली धूळ मागून उजळते आणि फोटो देखणा येतो, पण बैलाचा खरा रंग हवा असेल तर उन्हाची बाजूच बरी.

मोबाईलवाल्यांसाठी

मोबाईलमध्ये छिद्र बहुधा एकाच मापाचे असते आणि भरउन्हात त्याचे शटर आपोआपच वेगवान राहते. त्यामुळे हलण्याचा त्रास कमी, मत बदलण्याचा जास्त. त्याला उपाय आहे. पडद्यावर उन्हातल्या पांढऱ्या बैलावर बोट ठेवून दाबून धरा. बऱ्याच मोबाईलवर तिथे कुलपाची खूण किंवा तशी सूचना येते. मग सूर्याची छोटी खूण किंवा पट्टी दिसेल, ती बोटाने थोडी खाली ओढा, पाठीवरचे केस दिसेपर्यंत. आता माप बांधले गेले. कुलूप त्या वेळच्या अंतराचेही असते, म्हणून धावती जोडी जितक्या लांबून जाणार तितक्याच लांबच्या बैलावर ते लावा.

‘एचडीआर’ नावाची सोय पटापुरती बंद ठेवा. त्यात मोबाईल लागोपाठ दोन-तीन फोटो घेऊन एकावर एक बसवतो. उभ्या डोंगराला ते ठीक, पण धावत्या बैलाला कधी कधी सहा पाय फुटतात. ज्या मोबाईलमध्ये ‘प्रो’ सोय आहे तिथे शटर आणि आयएसओ कॅमेऱ्यासारखेच हाताने बांधता येतात.

रात्रीची कबड्डी

पटाच्या मोसमातच गावोगावी कबड्डीचे सामने रंगतात आणि ते बहुधा रात्री, दिव्यांखाली. इथे मागचा देखावा स्थिर असतो, आकडेही बांधलेले असतात, तरी लागोपाठच्या चार फोटोंत एक उजळ, एक अंधारा आणि एक पिवळसर असे निघतात. दोष तुमचा नसतो, दिव्याचा असतो.

आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो आणि दोनदा मंदावतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. डोळ्याला ते कळत नाही. पण शटर १/१००० असेल तर त्याला कधी उजळलेला दिवा सापडतो, कधी मंदावलेला. शटर १/१०० ठेवले की प्रत्येक फोटोत एक पूर्ण उजाळा-मंदावा येतो आणि सगळे फोटो सारखे निघतात. जुन्या सोडियम आणि मर्क्युरी दिव्यांखाली हे फार जाणवते. हॅलोजनची तार तापलेली राहते, म्हणून तिथे कमी. काही एलईडी दिवे स्थिर असतात, काही नसतात. सामन्याआधी मोबाईलवर संथ गतीचे चित्रीकरण करून पाहा. दिवे फडफडताना दिसले की समजावे.

आता तुम्ही म्हणाल, १/१०० ला खेळाडू हलेल. हलेलच. म्हणून क्षण निवडायचा. चढाईला आलेला गडी बोनस रेषेकडे पाय ताणतो आणि मागे वळण्याआधी निमिषभर थांबतो. पकडीत सगळे अडकून पडले की तेही क्षणभर थांबतात. ते क्षण १/१०० ला मिळतात. नवीन कॅमेऱ्यांपैकी काहींत दिव्याची फडफड ओळखून उजळ क्षणीच फोटो घेण्याची सोय असते. ती असेल तर जरूर वापरा.

जुन्यांची शहाणीव

पन्नाशी ओलांडलेल्यांना बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री हा कॅमेरा आठवत असेल. त्याला मापक नव्हते. एक खूण उन्हाची, एक ढगाची, एवढीच निवड. आभाळ पाहून कळ सरकवायची आणि फोटो काढायचे. बांधीकडे पाहून मत बदलायला त्याला डोकेच नव्हते, म्हणून एका रोलमधले उन्हातले फोटो सारखे निघत. आज आपण महागड्या कॅमेऱ्याला पुन्हा तेच शिकवतो आहोत.

त्याही आधी, १८७८ साली, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो येथे एडवर्ड मायब्रिज या इंग्रज फोटोग्राफरने धावत्या घोड्याचे ओळीने फोटो काढले. धावताना घोड्याचे चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटतात का, हा वाद होता. त्याने धावपट्टीच्या कडेला कॅमेऱ्यांची रांग लावली आणि आडवे दोरे बांधले. घोडा दोरा तोडत जाई तसे एकेक शटर सुटे. चारही पाय सुटतात हे सिद्ध झाले. त्याने घोड्यामागे सलग पांढरा पडदा उभारला होता, त्यामुळे रांगेतल्या प्रत्येक कॅमेऱ्यासमोर मागचा देखावा एकसारखा होता. आपल्याला शिवारात पडदा लावता येत नाही. आपण माप बांधून तोच परिणाम साधतो. तुमच्या फोटोत बैलांचे किती पाय जमिनीवर टेकलेले आहेत, हेही जरूर मोजून पाहा.

चार गोष्टी सांभाळा

पहिली गोष्ट जिवाची. दोरी किंवा कठडा ओलांडून पटात उतरू नका. धावती जोडी फोटोसाठी वळणार नाही आणि धुरकऱ्याला ती वळवता येणार नाही. भिंगातून पाहताना अंतर फसवे वाटते. मांडवाच्या कडेला, माणसांच्या रांगेत राहूनच फोटो काढा. लहान मुलांना पुढे बसवून त्यांच्या मागे उभे राहू नका.

दुसरी गोष्ट जनावराची. सुटायच्या वेळी फ्लॅश मारू नका, जोडी बिचकते. परवानगी मिळते ती जनावराचा छळ होऊ नये या अटीवर. तुमचा नीट उजेडातला फोटो पराणी न लावता, शेपटी न पिरगाळता धावलेल्या जोडीची साक्ष देतो. ज्याने छळ केला त्याचीही साक्ष देतो. दोन्ही साक्षी खऱ्याच निघू द्या.

तिसरी गोष्ट कमाईची. घरातल्या मुला-मुलीला हे जमले तर मोसमात चार पैसे मिळू शकतात. जोडीचा मालक एक चांगला, मोठा करून दिलेला फोटो आनंदाने घेतो. पण मालकाच्या हातात पडणारा बैल त्याच्या दावणीच्या बैलासारखाच दिसला पाहिजे. रंग बदललेला बैल मालक ओळखतो आणि नाक मुरडतो. फोटोमागे जोडीचे नाव, गाव आणि तारीख लिहा. मोबाईल बदलला की फोटो हरवतात, म्हणून निवडक चार फोटो छापून ठेवा.

चौथी गोष्ट शेतीची. खरिपात तुम्ही आम्हाला धानाच्या पानाचा फोटो पाठवता आणि विचारता, हा करपा की कडाकरपा? पान आभाळापुढे धरून काढलेले असते, म्हणून ते काळे येते, आणि ठिपक्याचा रंग कळल्याशिवाय औषध सांगता येत नाही. इथेही तोच नियम. पानावर ऊन किंवा मोकळा उजेड पडू द्या, मागे जमीन किंवा तळहात ठेवा, पानावर बोट दाबून माप बांधा आणि मग फोटो घ्या. ठिपक्याचा करडा मध्य आणि तपकिरी कड वेगळी दिसली की सल्ला नेमका मिळेल आणि चुकीच्या फवारणीचा खर्च वाचेल.

यंदाचा पट भरण्याआधी घरीच सराव करा. संध्याकाळी जनावरे रानातून परतताना धुऱ्यावर उभे राहा. एखाद्या पांढऱ्या गाईच्या पाठीवरून माप घ्या, आकडे बांधा आणि वीस फोटो काढा. काही जनावरे झाडीपुढून जातील, काही आभाळापुढून, काही तणसीच्या ढिगापुढून. मग सगळे फोटो एका ओळीत लावून पाहा. पांढरी गाय विसाही फोटोंत सारखीच पांढरी दिसली की पटावर जायला हरकत नाही.